उत्तराची जागा

“मिस, याला गर्लफ्रेंड होती का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून निहारिकाने विचारलंच. मागचा बाक फिसकन हसला. गेल्या वर्षी हजेरीलासुद्धा पुटपुटणारी हीच का ती, असा खणखणीत आवाज.

पडद्यावर हवाई बेटांच्या जंगलातला, फुलांतला मध पिणारा चिमुकला काळा पक्षी होता. मांड्यांवर तेवढी पिवळी पिसं.

मिस गॅलाहर हसल्या नाहीत. “होती. वादळात गेली असावी. हे पक्षी जोडीनं गायचे. एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने पुरी करायची. हा जातीतला शेवटचा. ऐका.”

बासरीसारखा स्वर आला आणि थांबला. पुन्हा तोच स्वर, पुन्हा तिथेच थांबला.

“रेकॉर्डिंग बिघडलंय?” कुणीतरी विचारलं.

“नाही. तिच्या उत्तराची जागा सोडतोय तो.”

निहारिकाचं हसू मावळलं. हे असं थांबणं तिच्या ओळखीचं होतं. आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या त्यांच्या घरात ते रोज सकाळी ऐकू यायचं.

आई हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघताना दारातून म्हणायची, “येते गं, आई.” आतून आजी म्हणायची, “ये.” लहानपणी निहारिका आजीला इंग्रजीत चिडवायची, “अगं, ती चाललीय. ये काय म्हणतेस?”

“जाणाऱ्यालाच ये म्हणायचं असतं, बाई. आलेल्याला कशाला?”

आजी फेब्रुवारीत गेली. आई अजूनही निघताना म्हणायची. आता नुसतंच, “येते गं.” मग कडीवर हात ठेवून क्षणभर उभी राहायची. किल्ल्या शोधत असेल, असं निहारिकाला वाटायचं. ती हेडफोन न काढताच ओरडायची, “बाय, मॉम. सी या.”

दुसऱ्या दिवशी बाबा ओट्यापाशी डबे भरत होते. आईने कोट चढवला, दार उघडलं. बाहेर बारीक पाऊस होता.

“येते गं.”

हात कडीवर थांबला.

निहारिका एकाच पायात मोजा घालून धडधडत जिना उतरली. बाबांच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. ती बोलायला लागली, आणि चक्क मराठीत, एकेक शब्द चाचपत.

“आई, बाबा, ऐका. आजीचं ते... ते आता मी म्हणणार. रोज.” मग ती आईकडे वळली. “ये, आई.”