विहीणबाईंची वाक्यं

विहिरी आटल्या तशी जानकी ऊसतोडीला गेली आणि नाटकातली भांडखोर विहीण वच्छीला मिळाली. "नाटक चार दिवस पुढं ढकला, मी येते," हा कारखान्यावरून आलेला जानकीचा निरोप वच्छीनं कुणाला सांगितलाच नाही.

सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. वच्छीनं तोंड उघडायच्या आतच लोक खो खो हसले.

पुढच्या वाक्यालाही तसंच. हशा आधी!

घाबरून ती गप्पच झाली. तरी विहिणीच्या प्रत्येक वाक्याला हशा येतच राहिला. व्याही झालेला गहिनीनाथ तर तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बघून उत्तरं देत होता.

"जानके, चुकलं गं माझं," वच्छी पुटपुटली.

पुढच्या रांगेतून सुंदरमावशी खेकसली, "वच्छे, मधी काहून बडबडायलीस? इहीनबाईला बोलू दे की!"