तीन चमच्यांचा वर्ग

व्हॅनवालीने पर्समधून कंगवा काढला आणि त्यात अडकलेला केसांचा गुंता वर्गाला दाखवला, शाळेत मिळालेलं बक्षीस दाखवावं तसा.

"ताई, लागू पडलं. परवापासून मूठमूठ जातायत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पार्लरवालीने तर कंगवा हातात घेऊन उजेडात धरला. तिचा स्वतःचा अजून एकही केस गळला नव्हता आणि ते तिला मनातून लागलं होतं. चरबी केसांच्या वाटे बाहेर पडते, हे ताईंनीच सांगितलेलं. सांगणं भागच होतं. सहा महिन्यांपूर्वी भर वर्गात त्यांचेच केस खांद्यावर पडायला लागले, तेव्हा तोंडाला आलं ते त्या बोलून गेल्या, आणि निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

फर्निचरच्या दुकानावरच्या या खोलीत ताई दर मंगळवारी वजन उतरवायला शिकवायच्या. सकाळी गरम पाणी, दिवसभर निश्चय आणि दोन्ही वेळा मोजून तीन चमचे जेवण. त्यांनी स्वतःचं वजन असंच एकशे आठवरून बासष्टवर आणलं, असं बोर्डावर लिहिलं होतं. खरं म्हणजे ते एका सर्जनने आणलं होतं. त्याने पोटाचा मोठा भाग कापून काढला आणि केळ्याएवढा ठेवला. त्या वेळी ताई बारा दिवस बहिणीकडे गेल्याचं सगळ्यांना माहीत होतं, फक्त बहिणीला नव्हतं. ऑपरेशनचं घरात नवऱ्याला ठाऊक, बाहेर दर महिन्याला व्हिटॅमिनचं इंजेक्शन टोचणाऱ्या नर्सला.

व्हॅनवालीचं पोट मात्र अख्खं होतं. त्यात चौदा आठवडे तीन-तीन चमचे जात होते, आणि इंजेक्शन-बिंजेक्शन काही नव्हतं.

तिला आणखी एक सांगायचं होतं. काल म्हणे सिग्नलला तिच्या डोळ्यांपुढे काळोख आला. गाडीत शाळेची अकरा पोरं. सिग्नल हिरवा झाला, परत लाल झाला, मागचे लोक हॉर्न मारून दमले. पोरांना वाटलं मावशी झोपली, म्हणून त्यांनी तिच्या कानात कोंबडा आरवून दाखवला. हे तिने असं काही रंगवून सांगितलं की वर्ग हसून हसून बेजार झाला.

ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, आता खाणं वाढव. दूध घे, अंडी खा, पोटभर जेव. व्हॅनवाली नुसती लाजली. मुख्याध्यापिकाबाईंनी सगळ्यांना सावध केलं, की ताई आपला निश्चय तपासून बघतायत, कोणी फसू नका.

शाळा सुटायला वीस मिनिटं होती. व्हॅनवाली किल्ली घेऊन उठली, आणि टेबलाचा कोपरा धरून तशीच उभी राहिली. मग हसून, काही नाही, काही नाही म्हणत दाराकडे निघाली. ताई तिच्याआधी दारात पोचल्या.

"आज गाडी चालवायची नाहीस तू."

"अहो ताई, पोरं गेटवर उभी असतील."

"माझं पोट कापलंय," ताई म्हणाल्या. "ऑपरेशन केलंय मी. तीन चमच्यांच्या वर मावतच नाही. निश्चय-बिश्चय काही नाही त्यात."

खाली दुकानात कोणीतरी कपाट ओढत नेत होतं, तेवढं ऐकू आलं.

"आणि गरम पाणी?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"ते नुसतं गरम पाणी."

आता शिव्या पडणार म्हणून ताई खाली बघत थांबल्या. शिव्या पडल्या नाहीत. पार्लरवालीने मोबाइल काढला आणि हळू आवाजात सर्जनचा नंबर मागितला. मग दुसरीने मागितला. बघता बघता ताईंभोवती गराडा पडला. एकीला टाके किती ते हवं होतं, एकीला बारा दिवस कुठे गेले म्हणून घरी सांगायचं ते. मुख्याध्यापिकाबाईंनी वहीचं नवीन पान उघडलं.

व्हॅनवाली तेवढी त्या गराड्यात नव्हती. तिने दिराला फोन करून आजच्या दिवस गाडी न्यायला सांगितलं, किल्ली खाली दुकानात ठेवून आली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. ताई नंबर अर्धवट सोडून तिच्याशेजारी येऊन बसल्या.

"म्हणजे तुम्हाला भूक लागतच नाही?" व्हॅनवालीने विचारलं.

"नाही गं."

"मला लागायची," ती म्हणाली. "गाडीत मागे पोरांनी डबे उघडले की मी काच खाली करून तोंड बाहेर काढायचे. वाटायचं, ताईंना जमतं, म्हणजे खोट माझ्यातच आहे."