उजवीकडची वाट

"माझ्या थडग्याभोवती कुंपण घाल, नाहीतर गुरं तुडवतील. पण उजवीकडे हातभर वाट सोड बाबा, मला ये-जा करायला."

गिहोनं आईला तसा शब्द दिला होता. जेजू बेटावरच्या त्या विझलेल्या ज्वालामुखीच्या टेकडीवर त्यानं काळे दगड रचले, वाटही सोडली. पुढे वाटेतून वासरं शिरू लागली, तेव्हा त्यानं वाटच सिमेंटनं बुजवून टाकली.

यंदा थडग्यावरचं गवत कापायला मावशी सोबत आली. उजव्या कोपऱ्याशी तिचा हात थांबला.

"वाट कुठंय रे?"

"वासरं शिरतात, मावशी. किती हाकलायची?"

"ताईच्या तिथीला ताट वाढतोस ना घरी?"

"आठ वर्षं. एकदाही चुकवलं नाही."

"मग जेवायला ती आली कशी असेल?"

गिहोनं विळा खाली ठेवला आणि पहार आणायला तो टेकडी उतरू लागला.