तीन तास लांब

उंबरमाळीच्या वरच्या टेकाडावर मोबाइलला रेंज येते, म्हणून गोदी आणि यमाजी चार वाजल्यापासूनच तिथं येऊन बसले होते. त्यांची ललिता खो-खो खेळायला गुवाहाटीला निघाली होती. विमानानं. त्यांच्या कातकरवाडीतलं कुणी आजवर विमानात बसलं नव्हतं.

"किती लांब म्हनाल्या शाळेतल्या मॅडम?" गोदीनं पुन्हा विचारलं.

"दोन हजार किलोमीटरच्या वर. तीन तास लागतात."

तीन तास गोदीला चांगले ठाऊक होते. दिवाळी झाली की वीटभट्टीचा ट्रक येतो. वाडीवाडीतून माणसं, भांडी, कोंबड्या भरत निघतो. आत पाय ठेवायला जागा नसते. पोर कडेवर घेऊन उभंच राहायचं. तीन तासांत तो याच जिल्ह्यातल्या पडघ्याला टेकला तरी खूप. आणि तेवढ्यात पोरीनं अख्खा देश ओलांडायचा?

सव्वादोनला विमान उडालं होतं. सव्वापाच झाले, साडेपाच झाले. फोन वाजेना. यमाजीनं तो सदऱ्याला पुसला, पुन्हा बघितला.

"यील गो," तो म्हणाला; पण त्याच्याच्यानं बसवेना.

पावणेसहाला फोन वाजला.

"आई, पोचले!" ललिता म्हणाली. "इकडं मिट्ट काळोख पडलाय."

गोदी ताडकन उठली. समोरच्या डोंगरावर अजून ऊन होतं. "काळोख? तीन तास म्हनले व्हते ना? कुठं नेलं तुमाला?"

ललिता हसत सुटली. "अगो, इकडं सूर्य लवकर मावळतो. आमी बरोबर टाइमात आलो. बॅगा यायला उशीर झाला, म्हणून फोन नाय केला."

गोदीनं मोठा श्वास सोडला. मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "पाय दुखत असतील ना गो? उद्या धावशील कशी?"

"पाय कशाला दुखतील? बसूनच आले. खुर्ची व्हती मला एकटीला. खिडकीजवळची."

फोन बंद झाला तरी गोदी तो कानालाच धरून उभी होती. खालून वाडीतून गिरजानं हाळी दिली, "गोदे, पोचली का गो पोर?"

गोदीनं दोन्ही हात तोंडाशी नेले.

"पोचलीऽऽ!" ती ओरडली. आणि मग, सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात, "बसून गेलीऽऽ!"