ताठ

"जरा ताठ उभ्या राहा ना," कॅमेऱ्याला कणा टिपता यावा म्हणून पाठीवर चकचकीत ठिपके चिकटवता चिकटवता प्रयोगशाळेतला संशोधक म्हणाला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शाळेत पीटीच्या बाईंनी हेच म्हणत पाठीत पट्टी हाणली होती. तिला बघायला आलेल्या मुलाच्या आईनेही हेच म्हणून पोह्यांची बशी अर्धीच टाकली होती. जन्माचा वाकडा कणा ताठ कुठून आणायचा? तरी ती पाय रोवून तशीच उभी राहिली.

अर्ध्या तासाने तो संगणकापुढे डोकं खाजवत होता. "तुमच्या कण्याचं मॉडेल उभंच राहत नाही हो. हाडं घातली, स्नायू घातले, तरी दर वेळी कोसळतंय. काय घालायचं राहिलं, तेच कळत नाही."

"राग," ती म्हणाली. "तो घातलात का?"