उजेड न लागलेली जागा

ओसाकात, निप्पोनबाशीतल्या कुराहाशीच्या दुकानात, मोडक्या मालाच्या पेटीत मला तो सापडला. चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर. मूळचा पांढरा, पण आता हळदीसारखा पिवळा पडलेला. फक्त की-बोर्डच्या दोन बाजूंना दोन तळवे पांढरे राहिले होते. लहान मुलाचे.

"उजेड लागतो तिथंच प्लॅस्टिक पिवळं पडतं," कुराहाशी म्हणाला.

"म्हणजे काय, कोणी वर्षानुवर्षं हात न उचलता बसलं होतं?"

"ते मला नको विचारूस. आणि मोडका माल परत घेत नाही, बरं का!"

रविवारी, पिवळेपणा घालवायच्या आम्हा जुन्या कॉम्प्युटरवेड्यांच्या रिवाजाप्रमाणे, मी त्याला केसांचं ब्लीच फासलं, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलं आणि गॅलरीत उन्हात ठेवलं. दिवसभर उघड्या अंगानं त्याच्यावर वाकून त्याची कूस बदलत राहिलो.

"सवतीला न्हाऊ घाला एकदाचं," माझी बायको चिझुरू आतून म्हणाली.

दुपार कलताना तो एकसारखा पांढराशुभ्र झाला. तळवे कुठं होते, तेही कळेना. मी खूश.

आंघोळीला निघालो, तर चिझुरू मागून म्हणाली, "पाठ भाजून घेतलीत की हो." मग तिनं मला दारातच थांबवलं.

"काय झालं?"

"अहो, गॅलरीत तुमच्यासोबत कोण होतं?"

मी आरशाकडे पाठ केली. लालभडक खांद्यांवर दोन तळवे पांढरे राहिले होते. लहान मुलाचे. बोटं गळ्याकडे वळलेली.