पाचवा भराव

घर घेताना कास्मुरीने किंमत, नोंदणी, घरपट्टी, सगळा हिशेब मांडला होता. दर तीन वर्षांनी घरात भराव घालावा लागेल, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. जावा बेटाच्या त्या किनाऱ्यावर जमीन खचत होती आणि भरतीचं पाणी चुलीपर्यंत येत होतं. चार भरावांनंतर छप्पर डोक्याला टेकू लागलं. आज पाचव्यांदा मुरमाचा ट्रक दारात उभा राहिला. ड्रायव्हरने आत डोकावून पाहिलं. "दादा, आता घरात रांगत फिरणार का?" कास्मुरी ओशाळून हसला. त्याची बायको सुगियाती हसली नाही. "अहो, पुरे झालं. छप्पर उचलायला पैसे कुठून आणायचे? माझ्या भावाकडे डोंगरात जाऊ." "आणि हा मुरूम?" कास्मुरीने विचारलं. "कबरस्तानात न्या. आईंची कबर हातभर उंच करून घ्या. आपण गेल्यावर तिथं कोण येणार?" कास्मुरी ट्रकमध्ये चढला.